शिफ्ट, लोकल आणि पाळणाघर: दोघं नोकरीला असताना मुलांची घडी कशी बसवायची

दोघं नोकरीला असले की मुलांची सोय लावताना सगळे तास मोजत बसतात. शाळा किती तास, पाळणाघर किती तास, आजी किती तास. तास कसेही भरून निघतात. घोटाळा होतो तो सांध्यावर, म्हणजे मूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं त्या दहा-पंधरा मिनिटांत. व्हॅन आली आणि घ्यायला कुणी नाही. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली आणि लोकल ऐरोलीच्या पुढे सरकत नाही. तिला वाटलं मी आणणार, मला वाटलं ती आणणार.

मी नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. प्लांटमध्ये नियम असा की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय आणि त्याला चार्ज दिल्याशिवाय, म्हणजे काम समजावून सोपवल्याशिवाय, जागा सोडायची नाही. घरी जायची बस सुटली तरी चालेल, जागा सोडायची नाही. घरातही आम्ही हेच लावलं आणि बरीचशी भांडणं तिथेच मिटली. ज्यांची ड्यूटी दर आठवड्याला बदलते त्यांना खालचं जास्त कामाला येईल. नर्स, सिक्युरिटी, पोलीस, कॉल सेंटर, कारखाना, कुणीही असो. दोघांचीही दहा ते सहा असेल तर यातलं अर्धं सोडून द्या, तुमचं गणित सोपं आहे.

आमचं मांडून सांगतो म्हणजे पुढचं कळेल. घर कोपरखैरण्यात. मोठी मुलगी दुसरीत, धाकटा अडीच वर्षांचा. बायको ठाण्यात नौपाड्याला बँकेत. कोपरखैरणे ते ठाणे ट्रान्स-हार्बर लोकलने वीसेक मिनिटं, पण घरातून निघून काउंटरला बसेपर्यंत तास जातो. माझी शिफ्ट आठवड्याने फिरते: फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, नाईट अकरा ते सात. कंपनीची बस तीन टाकीवरून मिळते, शिफ्टच्या चाळीस मिनिटं आधी.

आधी कागद, मग माणसं

लोक आधी बाई शोधतात, पाळणाघर बघतात आणि मग वेळा जुळवत बसतात. उलटं करा. एक मोठा कागद घ्या, कॅलेंडरच्या मागचा चालतो. तुमच्या ड्यूटीचे जितके प्रकार तितक्या आडव्या ओळी काढा. आमच्या तीन. प्रत्येक ओळीत फक्त सांधे लिहा, म्हणजे मूल कोणाकडून कोणाकडे आणि कुठे. मधले तास लिहूच नका.

फर्स्टच्या आठवड्यात मी सहाला घराबाहेर. सकाळ पूर्ण बायकोची: साडेआठला मोठी व्हॅनमध्ये, पावणेनऊला धाकटा पाळणाघरात आणि तिथूनच ती स्टेशनला. दुपारी मोठी शाळेतून पाळणाघरात उतरते, पावणेचारला मी दोघांना घरी आणतो. सेकंडच्या आठवड्यात सकाळ माझी. मोठीला व्हॅनमध्ये बसवतो, धाकट्याला दीडपर्यंत जवळ ठेवतो, जेवण भरवून पाळणाघरात सोडतो आणि बस पकडतो. संध्याकाळी सातला बायको येता येता दोघांना घेते. नाईटच्या आठवड्यात मी साडेसातला घरी, शाळा-पाळणाघर मी उरकतो, झोपतो आणि चारला आणतो.

आता या तीन ओळींत काय बदलतंय ते बघा. बदलतोय फक्त आई का बाबा एवढाच भाग. व्हॅनवाल्या काकांना तिन्ही आठवडे एकच सांगणं आहे: दुपारी मुलगी पाळणाघराच्या गेटवर सोडायची. मी घरी असलो तरी तिथेच. सेकंडच्या आठवड्यात दुपारी मी दोन वाजेपर्यंत घरात असतो, तरीही मोठी घरी येत नाही. पहिल्यांदा हे लोकांना चमत्कारिक वाटतं. बाप घरात आणि पोरगी पाळणाघरात? पण "या आठवड्यात घरी सोडा, पुढच्या आठवड्यात तिकडे सोडा" असं ज्या माणसाच्या गाडीत दहा-बारा पोरं आहेत त्याला सांगणं म्हणजे एक ना एक दिवस ती बंद दारासमोर उभी राहणार. बाहेरच्या माणसाला आपला रोस्टर पाठ करायला लावायचा नाही. व्हॅन, पाळणाघर, शाळा, शेजारी यांना कायम एकच वेळ आणि एकच जागा. फिरायचं ते आपण दोघांनी.

यासाठी पैसे जास्त जातात, हे खरं. पाळणाघराची महिन्याची पूर्ण फी भरतो आणि सेकंडच्या आठवड्यात धाकटा अर्धा दिवसच जातो. तासाच्या हिशोबाने घेणारी पाळणाघरंही असतात, पण तिथे जागा राखीव नसते. मुलं जास्त झाली की पहिला नकार तासावाल्यांना.

कागद झाला की प्रत्येक सांध्यासमोर दोन नावं लिहा. पहिलं कोण आणि तो अडकला तर कोण. दुसरं नाव सुचत नसेल तर तो तुमचा कच्चा सांधा. बाई, आजी, शेजारीण यांची गरज तिथे आहे, बाकी ठिकाणी नाही. आमचा कच्चा सांधा निघाला तो सेकंडच्या आठवड्यातला संध्याकाळी सातचा, कारण मी प्लांटमध्ये आणि ती लोकलमध्ये. तेवढ्यासाठी खालच्या मजल्यावरच्या वहिनींशी बोलून ठेवलंय. त्यांची मुलगी त्याच पाळणाघरात येते. बदल्यात शनिवारी सुट्टी असली की त्यांची मुलगी आमच्याकडे. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे हे देणं फिटतं. फुकट उपकार फार दिवस टिकत नाहीत, देवाणघेवाण टिकते.

नाईटवाला माणूस घरात असतो, पण नसतो

नाईट करणाऱ्याच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "तुम्ही दिवसभर घरीच आहात ना, मग त्याला राहू दे की." सासरचे म्हणतात, गावचे म्हणतात, पैसे वाचवायच्या नादात आपल्यालाही पटतं.

झोपलेला माणूस मूल सांभाळत नसतो. आठ तास प्लांटमध्ये जागून आलेल्या माणसाची झोप अशी असते की शेजारी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी कळत नाही. अडीच वर्षांच्या पोराला दार उघडायला, बाथरूममधल्या भरलेल्या बादलीपर्यंत जायला किंवा खुर्ची ओढून खिडकीशी न्यायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून कागदावर झोपेच्या तासांसमोर माझं नाव कधीच येत नाही. नाईटच्या आठवड्यातही धाकटा पाळणाघरात. झोप सलग मिळावी म्हणून मी फोन सायलेंटवर टाकतो आणि फक्त तीन नंबर चालू ठेवतो: बायको, पाळणाघर, शाळा. बाकीच्यांना वाजू द्यायचं नाही. कुरिअरवाल्यालाही नाही.

हेच उलट बाजूनेही. नाईटला मी बाहेर असतो तेव्हा रात्री घरात एकटी बायको आणि दोन मुलं. रात्री दोनला ताप चढला तर काय? त्यासाठी ठरलेलं आहे की एकाला घेऊन जायचं झालं तर दुसऱ्याला कुणाकडे ठेवायचं. नाव आधी विचारून ठेवावं. रात्री दोनला कुणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारलेलं असलं की आपल्याला दार वाजवायला संकोच वाटत नाही. आमच्याकडे परत त्याच वहिनी.

नाईट संपवून लगेच मुलांना दुचाकीवर बसवून सोडायला जाऊ नका. पाळणाघर चालत जाण्यासारखं निवडलं त्याचं अर्धं कारण हेच.

फोन लागणार नाही, हे धरूनच चला

प्लांटमध्ये आत मोबाईल नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बायकोचा कॅशच्या काउंटरला असताना ड्रॉवरमध्ये असतो. म्हणजे पाळणाघरातून फोन आला तर दोघांनाही कळणार नाही. ऑपरेशन थिएटर, क्लासरूम, बसचं स्टिअरिंग, लोकलची केबिन, अशा कितीतरी नोकऱ्यांत हेच असतं.

तेव्हा मोबाईल नंबरांच्या खाली लँडलाइन द्या. माझा कंट्रोल रूमचा आणि मेन गेटचा, तिचा शाखेचा. नुसता नंबर देऊन भागत नाही. शिफ्ट इन्चार्जला आणि गेटवरच्या सिक्युरिटीला सांगून ठेवा की अमुक नावाने फोन आला तर निरोप लगेच पोचवायचा. पाळणाघराच्या काकूंना एकदा खरंच फोन लावून बघायला सांगा. अर्ध्या वेळेला एक्स्टेन्शन बदललेलं निघतं.

आणि पहिला फोन कुणाला करायचा, हे ठरवून द्या. सगळीकडे रीत अशी की आधी आईला फोन. शाळेच्या फॉर्मवरही आईचा नंबर पहिला. आमच्यात जो जवळ त्याला पहिला फोन. महाप्याहून मी स्कूटरवाल्या मित्राबरोबर पाऊण तासाच्या आत पोचू शकतो. ती ठाण्याहून, गाडी वेळेवर मिळाली तर तेवढ्याच वेळात, नाहीतर देवाक काळजी. म्हणून पहिला नंबर माझा. काकूंच्या हे अंगवळणी पडायला वेळ लागला, आता पडलंय.

मुलांना न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो पाळणाघरात देऊन ठेवा. यादीत नसलेला माणूस, भले सख्खा मामा असो, आमच्या फोनशिवाय मूल देऊ नये असं स्पष्ट सांगा. मामाला राग आला तर येऊ दे.

पाळणाघर बघायला कधी जायचं

सकाळी अकराला जाऊन काही कळत नाही. तेव्हा सगळी पाळणाघरं छान असतात: भिंतीवर चित्रं, मुलं गोल बसलेली, गाणी चालू. दोन वेळा गाठा. एक दुपारी दोनच्या सुमारास, झोपायच्या वेळी. मुलं कुठे झोपतात, न झोपणाऱ्या मुलाचं काय करतात, टीव्ही लावून देतात का, हे तेव्हाच दिसतं. दुसरी संध्याकाळी साडेसहाला. मुलं कंटाळलेली, बायका दमलेल्या, गेटवर पालकांची गर्दी. गेट उघडं राहतं का आणि मूल कुणाच्या हातात देतात यावर नजर ठेवतात का, ते बघा.

किती मुलांमागे किती बायका हे विचारू नका, मोजा. तीन वर्षांखालची मुलं वेगळी मोजा. एका बाईच्या अंगावर चार-पाचपेक्षा जास्त लहान मुलं असतील तर मी तिथे ठेवणार नाही, हा माझा आपला हिशोब. मग स्वयंपाकघराला दार आहे का, बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलेलं असतं का, खिडक्यांना ग्रिल आहे का, कडी मुलांच्या हाताला येते का.

कॅमेऱ्याचं फार कौतुक करू नका. २०१६ मध्ये आपल्याच खारघरमधल्या एका पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, सगळ्या महाराष्ट्राने ती पाहिली. कॅमेरा होता, तो बघितला गेला ते बाळाला इजा झालेली आईवडिलांच्या लक्षात आल्यावर. म्हणून रोज आंघोळीच्या वेळी अंग बघा, आणि मुलगा तिथे जाताना कसा वागतो यापेक्षा तिथून येताना कसा असतो ते बघा. सोडताना सगळीच रडतात.

बोलणी करताना एवढं विचारून घ्या: उशीर झाल्यास अर्ध्या तासाला किती, वर्षभरात कोणत्या तारखांना बंद, मे महिन्यात मुलं गावाला गेली तर फी किती, आणि मुसळधार पावसात शाळांना सुट्टी पडली तर चालू का बंद. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. नवी मुंबईत जून ते सप्टेंबर तोच सगळ्यात महत्त्वाचा.

घरी येणारी बाई ठेवायची असेल तर आधारची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या, आणि महिन्याच्या दोन भरपगारी सुट्ट्या पहिल्याच दिवशी ठरवा. सुट्टी ठरलेली असली की मावशी आधी सांगतात. ठरलेली नसली की खाडा होतो, तोही सकाळी साडेसातला. आपण गावाला गेलो म्हणून त्या महिन्याचा पगार कापू नका. परत आल्यावर मावशी दुसऱ्या घरी लागलेल्या असतात.

आजी

माझे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी होते. रिटायर झाल्यावर दोघं पाटण तालुक्यात गावी राहतात. आई येते, आनंदाने येते, पण तिचं कॅलेंडर शेतीचं आहे. जुलैत भाताची लावणी, दिवाळीच्या पुढे-मागे काढणी, चैत्रात जत्रा. आणि आम्हाला तिची सगळ्यात जास्त गरज कधी? जुलैत, कारण तेव्हा मुलं आजारी पडतात, आणि दिवाळीत, कारण शाळा बंद. दरवर्षी हे असंच असणार, तेव्हा दरवर्षी नव्याने रुसण्यात अर्थ नाही. लावणीला ती जाणार हे गृहीत धरून जुलैच्या सीएल (किरकोळ रजा) आम्ही आधीच बाजूला ठेवतो.

सासूबाई कळव्याला असतात. त्यांचे गुडघे दुखतात आणि ठाणे स्टेशनचे जिने चढून गाडी बदलायची म्हणजे त्यांना शिक्षाच. त्यांना दिवसभर दोन मुलांच्या मागे पळवणं मला पटत नाही. आजीला पूर्ण पाळी द्यायची नाही, सांधा द्यायचा. संध्याकाळी पाच ते सात, किंवा ताप असलेल्या नातवाशेजारी बसणं, किंवा मुक्कामाला येऊन तीन दिवस. सकाळी आठ ते रात्री आठ नाही. कुणी "आम्ही नाही का पाच पोरं वाढवली" म्हटलं की ऐकून घ्यायचं. तेव्हा घरात सहा बायका होत्या आणि अंगणाला फाटक नव्हतं.

पाळणाघर चालू ठेवूनच आजीला बोलवा. आजी आली म्हणून पाळणाघर बंद केलं की तिला गावी परत जायचं नाव काढता येत नाही आणि तुम्हाला जागा परत मिळत नाही.

चहात बुडवलेलं पारले-जी, दुपारी मालिका, काजळ, दृष्ट काढणं, यावर वाद घालू नका. औषध मात्र कागदावर लिहिलेलंच द्यायचं, स्वतःच्या मनाने नाही. तेवढ्या एका गोष्टीवर ठाम राहिलात तर आज्या ऐकतात. दहा गोष्टींवर ठाम राहिलात तर एकही ऐकत नाहीत.

जूनमध्ये बसून वर्ष काढायचं

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. पहिल्या आठवड्यात सुट्ट्यांची यादी मिळते. त्याच रविवारी तीन याद्या शेजारी ठेवा: शाळेची, तिच्या ऑफिसची, तुमच्या कंपनीची. शाळा बंद आणि दोघांचंही काम चालू, अशा तारखांना लाल गोल. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मधले ओपन डे, वार्षिक परीक्षेनंतरचे दिवस. आमचा प्लांट तर चोवीस तास चालतो, १५ ऑगस्टलाही कुणीतरी ड्यूटीवर असतंच. लाल गोल वर्षाच्या सुरुवातीलाच वाटून घ्या, त्या त्या दिवसाची रजा तेव्हाच टाका. नोव्हेंबरच्या रजेचा अर्ज जूनमध्ये दिला की साहेबाला नाही म्हणायला कारण सापडत नाही. मार्चअखेर बँकेत क्लोजिंग, बायको रात्री कधी येईल सांगता येत नाही. त्या आठवड्यात मी सेकंडला असणार नाही याची सोय फेब्रुवारीतच करतो.

शाळेच्या वेळेचंही बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारचा निर्णय आला की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत. लेकरांची झोप पूर्ण होते, चांगलंच आहे. पण आठच्या आत एक मूल मार्गी लागायचं आणि मग दुसऱ्याचं बघायचं, ही सोय गेली. आता दोन्ही मुलं, दोन डबे आणि तिची लोकल, सगळं साडेआठ ते नऊमध्ये येऊन पडतं. सगळ्या शाळांच्या वेळा सारख्या नाहीत, तेव्हा प्रवेश घेताना फीच्या आधी वेळ विचारा. पाचवीत गेल्यावर वेळ बदलते का, हेही.

ताप आला की रजा कुणाची

पाळणाघरात पहिलं वर्ष मुलं आजारी पडतातच. पावसाळ्यात सर्दी-ताप, आणि हात-पाय-तोंडावर फोड येणारा तो विषाणू. एकाला झाला की आठवडाभरात निम्म्या मुलांना. ताप असलेलं मूल पाळणाघरात घेत नाहीत आणि घेऊ नयेच. औषध पाजून, ताप उतरवून सोडून येणारे पालक आहेत. त्यांच्यामुळे बाकीच्या सहा घरांत रजा पडतात.

कुणाचं काम जास्त महत्त्वाचं यावर सकाळी सातला वाद घालायचा नाही. त्यात जो कमी पगाराचा तो हरतो, आणि तो बहुतेक वेळा बाईच असते. आमच्याकडे पाळी ठरलेली: मागच्या वेळी ज्याने रजा घेतली त्याची यावेळी नाही. कॅलेंडरवर तिच्या रजेला त्रिकोण, माझ्या रजेला चौकोन, म्हणजे आठवणीवर भांडण नको. मी सेकंडला असलो तर दिवस फोडता येतो: दोनपर्यंत मी, तिने हाफ डे टाकून दीडला पोचायचं. एकाच रजेचा अर्धा भाग जातो.

फ्रिजवर एक कागद लावा: दोन्ही मुलांची वजनं, डॉक्टरांचा नंबर, कशाची अ‍ॅलर्जी, आणि तापाच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून लिहून घेतलेला. यात एक बारकावा आहे. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदीत मिळतं, पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम. बाटल्या दिसायला सारख्या. "पाच एमएल दे" एवढंच लिहिलं आणि घरात दुसरी बाटली असली तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. बाटलीची ताकद कागदावर लिहा आणि घरात एकच प्रकार ठेवा. दिलेली वेळही लिहायची, कारण चारला आजीने दिलं आणि साडेपाचला आल्यावर बापाने परत दिलं, हे फार सहज होतं.

रोजच्या चार्जसाठी वही आहे. तीन ओळी: काय खाल्लं, किती झोपला, काय दिलं. शेवटी घेणाऱ्याने सही. सहीची चेष्टा सगळे नातेवाईक करतात. पण सेकंडवरून मी रात्री साडेअकराला येतो तेव्हा बायको झोपलेली असते, तिला उठवून विचारावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून बघितलं. सोसायटीच्या मेसेजखाली बुडून जातं.

साहेबाकडे काय मागायचं

शिफ्टवाल्यांत म्युच्युअल चालतं, म्हणजे दोघांनी आपसात शिफ्ट बदलायची. ते मागायच्या आधी द्यायला शिका. दिवाळीत, गणपतीत कुणाची तरी नाईट घेऊन ठेवली की जुलैत आपल्या पोराच्या तापाला माणूस मिळतो. आणि म्युच्युअल तोंडी ठेवू नका, रजिस्टरला लिहा.

रिलीव्हर न आल्यास डबल, म्हणजे लागोपाठ दुसरी शिफ्ट, करावी लागते. अशा वेळी घरी लगेच फोन गेला पाहिजे, म्हणजे सकाळची शाळा-पाळणाघर तिच्या अंगावर आहे हे तिला सात वाजता कळतं, आठ वाजता नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो म्हणून आपणहून मागणारे बरेच आहेत. त्यातून पाळणाघराचा उशिराचा आकार आणि बायकोची गेलेली हाफ डे वजा करून बघा.

कायद्याने काय मिळतं तेही माहीत असू द्या. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने आली. ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेगळे ब्रेक. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता आल्या, त्यातही हे तसंच आहे. राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. एमआयडीसीत पाळणाघर असलेल्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण एकटीने विचारलं तर "बघू" म्हणतात, सहा-सात जणींनी मिळून लेखी दिलं तर एचआरला उत्तर द्यावं लागतं.

पाळणाघराची फी बाईच्या पगारातून वजा करून "मग उरतं काय, सोड नोकरी" असं सांगणारे भेटतील. मुलं दोघांची, फी दोघांच्या पगारातून. आणि चार वर्षं नोकरी सोडली तर बढती, पीएफ आणि सवय, तिन्ही जातं. तेही त्या वजाबाकीत धरावं.

पाऊस

रेड अलर्ट आला की शाळांना सुट्टी जाहीर होते, कधी आदल्या रात्री, कधी पहाटे. बँक आणि कंपनी मात्र चालू. त्या दिवसासाठी वेगळी ओळ कागदावर असू द्या. आमची अशी: मी फर्स्टला असलो तर बायको थांबते, सेकंड किंवा नाईटला असलो तर ती जाते, पण दुपारी गाड्या रडायला लागल्या की तीनलाच निघते, साहेब काहीही म्हणोत.

त्यातूनही दोघं अडकलो तर मुलं रात्री काकूंकडेच राहतात. हे आधी बोलून ठेवलंय, रात्रीचे पैसेही ठरलेत. म्हणून पाळणाघरात एक पिशवी कायम असते: दोन जोड कपडे, एक पातळ पांघरूण, धाकट्याचे डायपर, मोठीची एक जुनी गोष्टीची वही, फ्रिजवरच्या कागदाची झेरॉक्स आणि औषधाची न उघडलेली बाटली. पिशवी दर तीन महिन्यांनी उघडून बघा. बाटलीची तारीख उलटलेली असते आणि कपडे हमखास तोकडे झालेले असतात.